विश्लेषण : तूप सोडले, तरी कोलेस्टेरॉल का उतरत नाही?

रक्ततपासणीच्या अहवालात ‘एलडीएल’पुढचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला, की घरात पहिली गदा येते ती तुपाच्या बरणीवर आणि अंड्यांवर. दोन-तीन महिने पथ्य पाळले जाते, पुन्हा तपासणी होते आणि आकडा जेमतेम हललेला दिसतो. मग कोणी ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून पथ्य सोडून देतो, तर कोणी एखाद्या काढ्यावर विसंबून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीही बंद करतो. आहाराने कोलेस्टेरॉल कमी होते, हे निश्चित आहे. किती होते आणि कशाने होते, हेही बऱ्यापैकी मोजले गेले आहे. मात्र त्याचे गणित ‘काय सोडले’ यापेक्षा ‘सोडले त्याच्या जागी काय घेतले’ यावर अवलंबून असते.

कोलेस्टेरॉल शरीरात येते कोठून?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण, काही संप्रेरके, ‘ड’ जीवनसत्त्व आणि अन्नातील स्निग्धांश पचवणारी पित्ताम्ले यांसाठी तो लागतोच. शरीराला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलपैकी बहुतांश शरीर स्वतःच तयार करते आणि या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. आहारातून थेट येणारा भाग त्या मानाने कमी.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून त्याची ने-आण प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांमार्फत होते. त्यांतील एलडीएल हे कण गरजेपेक्षा जास्त झाले आणि वर्षानुवर्षे जास्त राहिले, की धमन्यांच्या भिंतींत शिरून साचतात. हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली, की हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो. या साठ्याला वेदना नसते, लक्षण नसते. म्हणूनच बहुतेकांना कोलेस्टेरॉल वाढल्याचे कळते ते केवळ तपासणीतून.

रक्तात किती एलडीएल राहणार, हे मुख्यतः यकृत ते किती वेगाने उचलते यावर ठरते. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ताटातील पदार्थ कोलेस्टेरॉल वाढवतो की उतरवतो, हेही पुष्कळसे या ग्राहकांवर त्याचा काय परिणाम होतो त्यावरून ठरते.

मग ताटातील कोणत्या गोष्टीने आकडा वाढतो?

सर्वांत मोठा वाटा संपृक्त मेदाचा, म्हणजेच सॅच्युरेटेड फॅटचा. तूप, लोणी, साय, चरबीयुक्त मटण, खोबरेल, पामतेल आणि वनस्पती तूप हे त्याचे नेहमीचे स्रोत. संपृक्त मेद जास्त झाला, की यकृताच्या पेशींवरील ग्राहकांचे काम मंदावते, एलडीएल उचलले जात नाही आणि रक्तात साठून राहते. त्याहून वाईट ट्रान्स फॅट. द्रव तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना ते तयार होते. ते एलडीएल वाढवते आणि उपयुक्त मानले जाणारे एचडीएल घटवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार रोजच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी संपृक्त मेदातून यावेत. २००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण साधारण २२ ग्रॅम होते. ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे त्यांच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनची मर्यादा आणखी कडक, सहा टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम आहे. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम तुपात सहा ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद असतो. म्हशीच्या साययुक्त दुधाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात तो आठेक ग्रॅम असतो. म्हणजे वरणावरचे तूप आणि रात्रीचे पेलाभर दूध एवढ्यातच ही मर्यादा ओलांडली जाते. दुपारच्या चहाबरोबरची खारी आणि सायंकाळचे फरसाण त्यानंतर आले.

तूप सोडूनही आकडा का हलत नाही?

कारण सोडलेल्या तुपाची जागा रिकामी राहत नाही. तूप-पोळीऐवजी खारी, टोस्ट, नानकटाई किंवा ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटे आली, तर एका संपृक्त मेदाची जागा दुसऱ्याने घेतली, एवढेच. बेकरीचे बहुतेक पदार्थ मार्गारीन, वनस्पती किंवा पामतेलात होतात. पोळीवरचे तूप निदान दिसते तरी. खारीतले तूप दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेबही होत नाही.

तुपाऐवजी मैदा, साखर, साबुदाणा किंवा पांढरा भात वाढला, तर एलडीएल थोडे उतरू शकते. पण ट्रायग्लिसराइड हा रक्तातील दुसरा मेद चढतो आणि एचडीएल घटते. त्यामुळे एका रकान्यात सुधारणा दिसते आणि दुसऱ्यात बिघाड.

याचे नेहमीचे उदाहरण श्रावणाचे. अनेक घरांत महिनाभर मटण, मासे, अंडी बंद असतात. त्यामुळे या महिन्यात कोलेस्टेरॉल आपोआप उतरेल, असा समज असतो. प्रत्यक्षात याच महिन्यात उपवासाच्या निमित्ताने साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, वरीचे तांदूळ आणि सणासाठी पुरणपोळीवर तुपाची धार यांची रेलचेल असते. मटण गेले, पण संपृक्त मेद गेला नाही आणि पिष्टमय पदार्थ वाढले. याउलट तुपाऐवजी शेंगदाणा, करडई, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल, म्हणजे असंपृक्त मेद आला, मटणाऐवजी मटकी किंवा मासे आले, तर एलडीएल उतरते आणि त्यासोबत हृदयविकाराचा धोकाही कमी होतो.

केवळ तेल बदलून एवढा फरक पडतो का?

याचे ठळक उदाहरण मॉरिशसचे आहे. हिंदी महासागरातील या बेटावर भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य आहेत आणि त्यांत मराठी भाषक समाजही पिढ्यानपिढ्या राहतो. मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण तेथे चिंताजनक होते. रेशनवर मिळणारे स्वयंपाकाचे तेल हे प्रामुख्याने पामतेल होते. सरकारने १९८७ मध्ये त्याची घडण बदलून त्याजागी मुख्यतः सोयाबीन तेल आणले. लोकांना स्वयंपाकाची पद्धत बदलावी लागली नाही. बाटलीतील तेल बदलले.

पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, तेथील लोकांच्या रक्तातील एकूण कोलेस्टेरॉलची सरासरी लिटरमागे ५.५ मिलिमोलवरून ४.७ मिलिमोलवर आली होती. भारतातील अहवालांच्या भाषेत सांगायचे, तर सुमारे २१३ मिलिग्रॅमवरून १८२ मिलिग्रॅमपर्यंत. याच काळात तेथे लठ्ठपणा कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. म्हणजे वजन उतरल्याने कोलेस्टेरॉल उतरले, असे म्हणता येत नाही. आरोग्य जागृतीची मोहीमही त्या काळात सुरू होती. तरीही या घसरणीचा मोठा वाटा अभ्यासकांनी तेलातील बदलाला दिला. त्याच वेळी मधुमेहाच्या आघाडीवर मात्र फारसा फरक पडला नाही. तेल बदलल्याने तेलाचा प्रश्न सुटतो, साखर आणि वजनाचा सुटत नाही, हा या प्रयोगाचा दुसरा धडा.

फिनलंडमधील नॉर्थ करेलिया या प्रांतातही १९७२ पासून असाच, पण अधिक व्यापक प्रयत्न झाला. लोणी आणि साययुक्त दुधावर पोसलेल्या या भागात हृदयविकाराने ऐन उमेदीतील पुरुष मोठ्या संख्येने दगावत होते. लोण्याऐवजी वनस्पतिजन्य तेल, कमी स्निग्धांशाचे दूध, अधिक भाज्या, धूम्रपानबंदी आणि रक्तदाबावर उपचार अशी मोहीम गावोगावी राबवली गेली. चार दशकांत कार्यक्षम वयातील पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यामागे अनेक कारणे एकत्र होती, पण कोलेस्टेरॉलमधील घट हे त्यांतील सर्वांत मोठे मानले जाते.

मग घरात कोणते तेल आणावे? किती वापरावे?

तेलातेलांत फरक आहे तो संपृक्त मेदाच्या प्रमाणाचा. खोबरेल तेलात तो ९० टक्क्यांच्या घरात, तुपात ६० टक्क्यांच्या आसपास, पामतेलात जवळपास निम्मा, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा, तर करडई तेलात दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. सूर्यफूल, सोयाबीन आणि मोहरीचे तेलही कमी संपृक्त मेदाच्या गटात मोडते. मराठवाडा-सोलापूरच्या जुन्या रब्बी पिकापासूनचे करडई तेल आणि घरोघरचे शेंगदाणा तेल या दोन्ही गोष्टी या कसोटीवर टिकतात. ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली आणणे आवश्यक नाही.

लाकडी घाण्याचे तेल की रिफाइंड, यावर बराच वाद होतो. घाण्याच्या तेलात चव, वास आणि काही सूक्ष्म घटक टिकतात हे खरे. पण संपृक्त मेदाचे प्रमाण काढण्याच्या पद्धतीने बदलत नाही, ते बीवर ठरते. घाण्याचे खोबरेल हेही खोबरेलच. त्याचप्रमाणे पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांनाही फारसा अर्थ नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. वनस्पतिजन्य तेलांत ते नगण्यच असते, पामतेलातही.

प्रमाणाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहाराचा जो नमुना दिला आहे, त्यात वरून घातलेले तेल, तूप, लोणी मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहेत. चार प्रौढांच्या घराला या हिशेबाने महिन्याला सगळे मिळून साडेतीन लिटरच्या आसपास तेल-तूप पुरायला हवे. किराण्याच्या यादीशी हा आकडा ताडून पाहिला, तरी घराचे गणित कळते. अर्थात बाहेरच्या वडापावातले, भजीतले आणि फरसाणातले तेल या यादीत येत नाही.

भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. घरात ते फारसे दिसत नसले, तरी वेफर्स, शेव, बिस्किटे, नूडल्स आणि हॉटेलांतील तळण यांतून ते पोटात जाते. पाकिटाच्या मागील बाजूस घटकांच्या यादीत ‘पामोलिन’ किंवा ‘खाद्य वनस्पतिजन्य तेल, पाम’ असे लिहिलेले असते. त्याखालील पोषणतक्त्यात १०० ग्रॅममागे संपृक्त मेद किती, हेही सापडते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले आणि स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. ही मोठीच सुधारणा आहे. पण ‘ट्रान्स फॅट नाही’ याचा अर्थ ‘संपृक्त मेद नाही’ असा होत नाही.

उसळ, भेंडी आणि इसबगोल खरोखर उपयोगी आहेत का?

होय, आणि त्यामागचे कारणही स्पष्ट आहे. कडधान्ये, जव, ओट, पेरू, संत्रे, भेंडी, वांगे, मेथीदाणे आणि इसबगोल यांत पाण्यात विरघळणारे तंतू असतात. ते आतड्यात बुळबुळीत होऊन पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. गेलेल्या पित्ताम्लांची भरपाई करण्यासाठी यकृताला नवे पित्त बनवावे लागते. त्यासाठी ते रक्तातील कोलेस्टेरॉल उचलते. संपृक्त मेद यकृताचे दार बंद करतो, तर हे तंतू तेच दार उघडतात.

परिणामाचे आकडे माफक, पण खात्रीचे आहेत. दिवसाला पाच ते दहा ग्रॅम विरघळणारे तंतू पोटात गेले, तर एलडीएल साधारण पाच टक्क्यांनी उतरते. रोज वाटीभर शिजवलेल्या कडधान्यांनीही जवळपास तेवढाच फरक पडतो. ओट आणि जवातील बीटा ग्लुकन या तंतूचे दिवसाला तीन ग्रॅम प्रमाण उपयुक्त ठरते. बदाम, अक्रोड, शेंगदाणे मूठभर खाल्ल्याने आणखी काही टक्के. हे पदार्थ फरसाण किंवा बिस्किटांच्या जागी यावेत, त्यांच्या जोडीला नव्हेत. अन्यथा उष्मांक वाढून वजन चढते.

असे छोटे-छोटे परिणाम एकत्र केले तर काय होते, हे टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने तपासले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ जणांचे तीन गट केले होते. एकाला कमी संपृक्त मेदाचा साधा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि लोवास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी, तर तिसऱ्याला जव, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पतिजन्य स्टेरॉल, भेंडी आणि वांगे यांचा मेळ घातलेला आहार दिला. महिनाभरात एलडीएल अनुक्रमे ८, ३०.९ आणि २८.६ टक्क्यांनी उतरले. योग्य पदार्थ एकत्र आणले, तर आहार गोळीच्या जवळपास पोहोचू शकतो, असे त्यातून दिसले.

पण त्या प्रयोगात जेवण पुरवले जात होते. पुढे याच गटाने लोकांना केवळ सल्ला देऊन, स्वतःच्या घरी स्वतःचे अन्न खाऊ दिले. सहा महिन्यांनी एलडीएलमधील घट १३ ते १४ टक्के भरली. आहाराकडून प्रत्यक्षात काय अपेक्षा ठेवावी, याचे हे अधिक प्रामाणिक उत्तर आहे. १६० असलेले एलडीएल यामुळे १४०च्या आत येऊ शकते.

मराठी स्वयंपाकघराला यातील बहुतेक गोष्टी परक्या नाहीत. मोड आलेली मटकी, हुलगे, चवळी, वाल, पिठले, भरली वांगी, जवसाची आणि कारळाची चटणी, मेथीचे पिठले हे सगळे आधीपासून आहे. अडचण प्रमाणाची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुन्यात डाळी आणि कडधान्ये दिवसाला ८५ ग्रॅम, तीही कोरडी, धरली आहेत. पातळ वरणाच्या एका वाटीत त्याचा लहानसा भाग येतो. मिसळीचे उदाहरणही बोलके आहे. तिच्यातील मटकी एलडीएल उतरवते. त्यावरचे मूठभर फरसाण आणि तेलाचा तवंग ते चढवतो. वाटीत उसळ किती आणि फरसाण किती, यावर त्या थाळीचा निकाल लागतो.

अंडी, मासे आणि नारळ यांचे काय?

अंड्याच्या पिवळ्या भागात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, म्हणून ते अनेक वर्षे बदनाम होते. पण आहारातील कोलेस्टेरॉलचा बहुतेकांच्या रक्तावर होणारा परिणाम संपृक्त मेदाच्या मानाने कमी असतो. एका अंड्यातील संपृक्त मेद दीड ग्रॅमच्या आसपास. त्यामुळेच दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी संख्यात्मक मर्यादा अमेरिकेच्या २०१५च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून वगळली गेली. याचा अर्थ हवी तेवढी अंडी खावीत असा नाही. मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांचे एलडीएल बरेच जास्त आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवावे. उकडलेले अंडे आणि लोण्यात परतलेली भुर्जी-पाव यांत मात्र फरक आहे.

कोळंबीतही कोलेस्टेरॉल भरपूर, पण संपृक्त मेद अत्यल्प असतो. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतील ओमेगा-३ मेदाम्लांनी मुख्यतः ट्रायग्लिसराइड उतरते, एलडीएल नव्हे. तरी मटणाच्या जागी मासा आला, तर फायदा होतोच. तो तव्यावर थोड्या तेलात भाजलेला किंवा आमटीतला असावा.

नारळाबाबत कोकण आणि गोव्यात भावना तीव्र आहेत. खोबरेल तेलात शिजवण्याची तुलना इतर वनस्पतिजन्य तेलांशी केलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेलने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने अधिक राहते, असे आढळले. भाजीवर भुरभुरलेले ओले खोबरे आणि वाटणात, वर पुन्हा फोडणीत खोबरेल, या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. एलडीएल वाढलेले असेल, तर घट्ट रसाच्या आमट्यांचे दिवस कमी करणे आणि फोडणीचे तेल बदलणे एवढे तरी करता येते.

भारतीयांचा अहवाल वेगळा दिसतो, तो का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात, की एकूण कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रौढांचे प्रमाण २४ टक्के आहे. पण रक्तातील मेदाच्या कोणत्या ना कोणत्या घटकात बिघाड असलेल्यांचे प्रमाण ८१ टक्के भरते. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, ज्यात महाराष्ट्राचा समावेश होता, ७२ टक्के लोकांचे एचडीएल कमी आढळले होते. म्हणजे अनेकांच्या अहवालात ‘एकूण कोलेस्टेरॉल’ २००च्या आत असते, पण ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असते.

या चित्राचा संबंध पोटावरच्या चरबीशी, बैठ्या कामाशी आणि ताटातील भात, पोळी, साखर यांच्या जास्त वाट्याशी आहे. येथे केवळ तेल बदलून भागत नाही. चहातील साखर, शीतपेये, मैदा आणि मद्य कमी करणे, तसेच वजन उतरवणे याचा उपयोग ट्रायग्लिसराइडवर झपाट्याने दिसतो. वजन पाच ते दहा टक्क्यांनी कमी झाले, तरी त्यात ठळक घट होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालण्याने किंवा तत्सम व्यायामाने ट्रायग्लिसराइड घटते आणि एचडीएल थोडे वाढते. एलडीएलवर व्यायामाचा परिणाम मात्र बेताचा असतो. ‘रोज पाच किलोमीटर चालतो, मग काहीही खाल्ले तरी चालते’ हा हिशेब म्हणूनच फसतो. धूम्रपान सोडल्याने एचडीएल सुधारते. एलडीएलचा आकडा तोच असला, तरी धमन्यांचे नुकसान कमी होते.

लसूण, लिंबूपाणी, मेथी यांनी ‘नळ्या साफ’ होतात का?

होत नाहीत. लसणाने कोलेस्टेरॉलमध्ये थोडी घट दिसल्याचे काही अभ्यास आहेत, पण परिणाम लहान आणि अनिश्चित आहे. कोमट लिंबूपाण्याने धमन्यांतील थर विरघळत नाही. मेथीदाण्यांचा उपयोग त्यातील तंतूंमुळे होतो, चमत्कारामुळे नव्हे. घरगुती उपायांपैकी सर्वांत भक्कम पुरावा इसबगोलाचा आहे. तो पुरेशा पाण्याबरोबर घ्यावा लागतो. इतर औषधांच्या शोषणात अडथळा येऊ नये म्हणून त्यांच्यात आणि इसबगोलात दोनेक तासांचे अंतर ठेवतात.

आहार पुरेसा नाही, हे कधी समजावे?

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० मिलिग्रॅमच्या आत, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा अधिक धोका असणाऱ्यांचे ७०च्या आत आणि झटका येऊन गेलेल्या किंवा तत्सम अतिधोक्याच्या रुग्णांचे ५५च्या आत असावे. आहाराने होणारी १३-१४ टक्के घट १२० मिलिग्रॅमवाल्याला जवळपास लक्ष्यापर्यंत नेते. १७० वरून ७० वर कोणालाही नेत नाही. तेथे स्टॅटिन गटातील औषधे लागतात. त्यांनी मात्रेनुसार एलडीएल ३० ते ५० टक्के किंवा त्याहून अधिक उतरते.

काहींचे एलडीएल जन्मापासूनच जास्त असते. ‘फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया’ या आनुवंशिक विकारात यकृतावरील ग्राहकच कमी किंवा सदोष असतात. साधारण अडीचशे ते तीनशे व्यक्तींमागे एकाला तो असतो. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असणे, घरात ऐन तारुण्यात हृदयविकार झालेला असणे, घोट्याच्या मागील शिरेवर किंवा हाताच्या बोटांच्या सांध्यांवर मेदाच्या गाठी दिसणे ही त्याची चिन्हे. सडपातळ आणि शाकाहारी व्यक्तीलाही तो असू शकतो. अशा घरातील मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते. पथ्य तेथेही उपयोगी असते, पण पथ्याच्या भरवशावर औषध टाळणे जिवावर बेतू शकते. याशिवाय थायरॉइडची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंडाचे काही विकार यांनीही कोलेस्टेरॉल चढते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये एलडीएल वाढते. आहार न बदलताही आकडा अचानक वाढला, तर आधी ही कारणे शोधावी लागतात.

औषध सुरू असताना आकडा लक्ष्यात आला, याचा अर्थ आजार बरा झाला असा नसतो. औषध काम करत आहे, एवढाच असतो. ते थांबवल्यावर काही आठवड्यांत एलडीएल पूर्ववत होते. म्हणून गोळी बंद करण्याचा वा मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांशिवाय घेणे धोक्याचे. औषध घेणाऱ्यांनाही आहाराचा फायदा वेगळा मिळतो, काहींना त्यामुळे कमी मात्रा पुरते.

बदल केल्याचा उपयोग झाला, हे कसे ओळखावे?

आहारातील बदलांचा परिणाम सहा ते बारा आठवड्यांत रक्तात दिसू लागतो. त्याआधी पुन्हा तपासणी करण्यात फारसा अर्थ नाही. तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी आणि केवळ एकूण कोलेस्टेरॉल न पाहता एलडीएल, ट्रायग्लिसराइड आणि ‘नॉन-एचडीएल’ पाहावे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की नॉन-एचडीएल मिळते. त्याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० मिलिग्रॅमने जास्त धरतात. पहिली तपासणी वयाच्या अठराव्या वर्षी, आणि घराण्यात लहान वयातील हृदयविकार असेल तर त्याआधीच, करून घ्यावी, असा सल्ला २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. बहुतेकांना त्यासाठी उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही.

घाईचे कारण आकड्यांतच आहे. एलडीएल ३९ मिलिग्रॅमने, म्हणजे एका मिलिमोलने उतरले, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी घटतो, असे औषधांवरील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. ५२ देशांतील रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका मध्यमानाने वयाच्या ५३व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच ते सहा वर्षे आधी आल्याचे आढळले होते. धमनीतील थर वर्षानुवर्षे साचतो. त्यामुळे तिशीत उतरवलेले २० मिलिग्रॅम हे साठीत उतरवलेल्या २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मोलाचे ठरतात. तपासणीनंतर पहिल्या आठवड्यात फोडणीचे तेल, दुधाची साय, चहाबरोबरचा पदार्थ आणि उसळीची वाटी या चार गोष्टी बदलल्या, तरी बारा आठवड्यांनी येणाऱ्या दुसऱ्या अहवालात त्याची नोंद दिसू शकते.